यादीत माझाही नंबर आहे

५ नोव्हेंबर, चंद्रपूर
ठरवले: रोज चार ओळी. भावना नाहीत, फक्त काम.
काम असे. आरमोरीकडच्या गावांत हत्तींचा कळप येतो. वनरक्षक मोबाईलवर कळपाची जागा टाकतात, क्लाउडवरचा आमचा सर्व्हर जवळच्या गावांना मेसेज पाठवतो. पहिली स्क्रिप्ट सर्व्हर उभा करते, दुसरी त्यावर मेसेजचा प्रोग्राम बसवते. काही व्हेरिएबल्स, म्हणजे बदलता येणाऱ्या सेटिंग्ज, दोन्हींना लागतात. उदाहरणार्थ 'चाचणी'. ती चालू असली की पहिली स्क्रिप्ट लहान, स्वस्त सर्व्हर घेते आणि दुसरी सगळे मेसेज फक्त माझ्या फोनवर पाठवते.

७ नोव्हेंबर
शेजारच्या टेबलावर प्रणित. त्याचे म्हणणे, व्हेरिएबल्स एकाच फाइलीत ठेव, दोन्ही स्क्रिप्ट तिथूनच वाचतील. "दोन दोन जागी काऊन लिहून राह्यली? व्हेरिएबल आहे, आहेराचं सोनं नाई." एक फाइल म्हणजे त्याचाही हात लागणार. नको म्हटले. दोन प्रती मी सांभाळू शकते. मी विसरत नाही.

११ नोव्हेंबर
पहिल्या स्क्रिप्टमध्ये चाचणी बंद केली. मोठा सर्व्हर उभा राहिला. दुसरी स्क्रिप्ट उघडली नाही. स्वतःचेच लिहिलेले पुन्हा तपासायचे, तर मग शिकले कशाला?
सायंकाळी पहिला मेसेज माझ्या फोनवर लगेच आला. यादीत माझाही नंबर आहे. म्हणजे सगळ्यांना गेला. साहेबांना कळवले: यंत्रणा सुरू.

१४ नोव्हेंबर
आरमोरीकडच्या एका गावातून रामाजीचा फोन. धान कापून शेतातच त्याचे पुंजणे, म्हणजे ढीग, रचलेले आहेत आणि लोक रात्री राखणीसाठी तिथे जागलीला झोपतात. मेसेज आला की रामाजीने त्यांना गावात बोलवायचे, अशी व्यवस्था.
म्हणाला, "मेसेज तं येऊनच नाई राह्यला, मॅडम. तुमच्या मेसेजच्या पह्यले आमाले हत्तीची लीद दिसते."
फोन बंद करून चालू करा, असे सांगितले. शांतपणे. लोक स्वतःचा फोन कधी तपासत नाहीत.

१८ नोव्हेंबर
माझ्या फोनवर मेसेज रोज येतो. वेळेवर. आणखी दोन गावांची तक्रार. तिकडे टॉवरच कमी.
प्रणितने विचारले, दुसरी स्क्रिप्ट एकदा पाहू का. मी लॅपटॉप मिटला. "पाहू दे म्हटलं वं, तुझी डायरी नाई मागून राह्यलो." रविवारी स्वतः पाहीन.

२४ नोव्हेंबर
काल रविवार. पाहिले नाही. पाहिले असते तर प्रणितचे म्हणणे मान्य केल्यासारखे झाले असते. शिवाय गरज नव्हती. कालही मेसेज आला.

२६ नोव्हेंबर, सकाळ
काल जेवताना मेसेज आला. रामाजीच्या गावाचे नाव होते. यंत्रणा चालते आहे एवढे पाहिले आणि फोन उलटा ठेवला.
सकाळी साहेबांनी सांगितले. रामाजीची थोरली वहिनी, ठमाबाई, पुंजण्याजवळ झोपली होती. हत्तीच्या पायाखाली गेली. गावात कुणालाच मेसेज नव्हता.
मी म्हटले, नेटवर्क. साहेबांनी तसे लिहून घेतले.

२६ नोव्हेंबर, दुपार
दुसरी स्क्रिप्ट उघडली. चाचणी: चालू.
त्याखाली गावांची यादी. पूर्ण, अकारविल्हे, एकही नंबर चुकीचा नाही.
प्रणित मागे उभा होता. किती वेळ, माहीत नाही. त्याने खुर्ची ओढली, एक फाइल तयार केली, तीत चाचणी बंद लिहिली, दोन्ही स्क्रिप्ट तिला जोडल्या. मी जागा करून दिली. मग तो स्वतःच्या टेबलावर परत गेला.

२७ नोव्हेंबर
साहेबांच्या केबिनपर्यंत गेले. ते फोनवर होते. परत आले. उद्या सांगीन.

२८ नोव्हेंबर
साहेब नागपूरला.

२९ नोव्हेंबर
रामाजीचा फोन. उचलायला वेळ लावला.
म्हणाला, "आज मेसेज आला जी, मॅडम. पुंजण्यावरून सगळ्यायले बोलावून घेतलो. टावर सुधरला वाटते."
मी म्हटले, हो, सुधारला.
"तुमी लय मागं लागल्या असान त्यायच्या." मग त्याने आभार मानले.
मी ते घेतले.