जिनामागची सात घरे

चैत्र व. ६, अकोला
पाया खणून हात सोलले. आमच्यातल्या वकिलांना तर फोड आले, ते दिवसभर सगळ्यांना दाखवीत होते. कापसाच्या जिनामागच्या मजूरवस्तीतल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, झोपड्या जळून पंधरा दिवस झाले. तिथे मातीची सात घरे उभी करायची, असे आम्ही चौघांनी मनावर घेतले आहे. म्युनिसिपालटीच्या ओव्हरसियरची ताकीद: ज्येष्ठ लागायच्या आत धड भिंती दिसल्या तर ठीक, नाहीतर वस्ती उठवून नाल्यापलीकडे. माती मी आणणार. आमच्या शेतातली, काळीभोर. अशी माती साऱ्या तालुक्यात नाही!

चैत्र व. १२
पहिली भिंत पुरी, गयाबाईच्या घराची. ही जिनात रुई वेचते. विधवा, तोंडाने तिखट. भिंतीला हात लावून म्हणाली, "भाऊ, ह्या मातीत कापूस पेरा. भित कावून घालून राहिले?" बाईला काय कळते, म्हणून दुसरी भिंत घेतली.

वैशाख शु. २
भिंतीत हात जाईल एवढी भेग. दुसरीलाही. लाज लाज झाली. दर उन्हाळ्यात आमचे शेत असेच फाटते, लहानपणी माझा एक जोडा त्यात गेला होता. तरी मला सुचू नये? जमिनीचा तोरा, दुसरे काय. गयाबाई: "शेताले काळी अन् घराले पांढरी. पाटलाच्या पोराले हे बी सांगा लागते?"
पांढरी माती जुन्या गढ्यांत मिळते. आमच्या गढीचे नुसते टेकाड उरले आहे, पण बाबा त्यावर शेळीसुद्धा चढू देत नाहीत.

वैशाख शु. ४, गावी
बाबांना सांगितले. सुपारी कातरता कातरता म्हणाले,
"आपली गढी जिनातल्या लोकायच्या भितीले?"
म्हटले, हो.
"अन् पयले काळी नेली, थे कोनाच्या अकलेनं?"
म्हटले, माझ्या.
हसले! डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "ने. पन माहा पोरगा हायेस, हे कोनाले सांगू नको."

वैशाख व. ४
पाच घरे झाली. चिखलात कुटार, म्हणजे भुसा, किती, भिजू किती द्यायचा, सगळे गयाबाई सांगते. वकील तिला विचारल्याशिवाय टोपले उचलत नाहीत. कोर्टात एवढे ऐकले असते तर... असो. काळ्या भिंती दोन्ही मीच पाडल्या, कुणाला हात लावू दिला नाही.

वैशाख व. १३
ओव्ह. आला. सातही घरे फिरला. छडीने भिंती ठोकल्या, ढपलीही निघाली नाही. "हुकूम येईल," एवढे बोलून गेला. सात घरे एका ओळीत, दारे उगवतीला! जन्मात इतके चांगले काही केले नव्हते. अभिमान वाटतो, लपवायचा कशाला?
गयाबाई हुकमाची वाट न बघता चूल मांडून मोकळी. विचारले, हुकूम उलटा आला तर?
"त पाडाले येतीन. मी घरातच राहीन. तुमी कुठी असान?"
सरकारी नोकरी आठवली, बाबा आठवले. मग म्हणालो, तुमच्या दारात.
भाकर थापता थापता तिने वर पाहिले. म्हणाली, "पाहू."