तुळशीखालची माती

शुक्रवार, २ मे

पोचले एकदाची! दोन एसट्या बदलून, मांडीवर कपड्यांची बॅग, पायांत मातीची पिशवी. पिशवीवरचे पाय मी हलवेना, तेव्हा कंडक्टरने विचारलं, ताई, सोनं आहे का आत? म्हटलं, सोनंच समजा. आमच्या अंगणातल्या तुळशीखालची काळी माती आहे.

हा आग्रह विधीचा. विधी म्हणजे जळगावच्या आर्ट कॉलेजातली माझी रूममेट, दोंडाईच्याच्या कापड दुकानदाराची मुलगी. पाच वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. सुटीला ती आमच्याकडे यावलला यायची, आईच्या हातचं भरीत चापून खायची. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. मी धुळ्याला आहे तिथेच काम आहे, राहायला खोली आहे, जेवण घरचं, आणि काम असं की तुला खेळच वाटेल. येताना फक्त घरची मूठभर माती आण, तुळशीखालची. बाजारची पावडर खोटी दिसते.

घर कै. दलिचंद शेठजींचं, गल्ली नंबर चारमध्ये. त्यांचे नातू संयमभैया आणि अर्हमभैया धान्याचा व्यापार बघतात आणि दर रविवारी लढाई खेळतात. हो, लढाई! बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक, रंगवलेले, टेबलावर मांडायचे, टेपने इंच मोजून पुढे सरकवायचे, फासे टाकायचे. कोण मेलं, कोणतं घर पडलं, हे फासे ठरवतात. एवढे मोठे बाप्ये, असं मनात आलं. पण वरच्या मजल्यावरचं ते टेबल पाहिलं आणि मीच वाकून वाकून बघायला लागले. आठ फूट लांब. टेकड्या, नाला, पूल, गावं, सगळं हाताने केलेलं. हा देखावा करायचा आणि दुरुस्त करायचा, हेच माझं काम.

रविवार, ४ मे

आज पहिला खेळ पाहिला. दोघं भाऊ एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. तोफ मांडतात, टेप लावतात, फासे टाकतात. हरणारा चिडत नाही, जिंकणारा हसत नाही. हसत नाही तो खेळ कसला? आमच्याकडे पत्त्यांत सुद्धा भांडणं होतात.

टेबलाच्या पार मागच्या कडेला याच घराची प्रतिकृती आहे, गॅलरीसकट. तिच्या पुढ्यात विधीने केलेलं दुमजली घर, खाली दुकान. तिचंच, दोंडाईच्याचं. किती हुबेहूब केलंय! दुकानाचा एका बाजूचा भाग मात्र काळा पडलेला. विधी म्हणाली, खेळात जळला. तिचे वडील भाजून अजून दवाखान्यात आहेत म्हणे. मला काहीच सांगितलं नव्हतं बयेने. मी रागावले, तर ती ब्रश धुवायला उठून गेली.

बुधवार, ७ मे

भैयांनी मला खानदेशातलं खेडं करायला सांगितलं. मला एकच खेडं येतं, माझं. तेव्हा आमचंच घर करायचं ठरवलं. पत्र्याची पडवी, विहीर, गोठा, मागे केळीची बाग. केळीची पानं कागदाची, पण वाऱ्याने चिरतात तशी प्रत्येकाची कड चिरली. बाजारातून आणलेल्या झाडांना कुठे असं असतं?

माती तव्यावर भाजून घ्यायला स्वयंपाकघरात गेले. भाजली की किडे मरतात, बुरशी येत नाही. झालं! दोघा भैयांच्या आई तारादेवी, मी काकीजी म्हणते, त्यांनी माझ्या हातातला तवाच काढून घेतला. माझ्या चुलीवर जीव भाजायचे नाहीत, म्हणाल्या. मग गच्चीवर वाळवली. इथलं ऊन तव्याला भारी आहे. काकीजी वरच्या मजल्यावर कधीच येत नाहीत. मी कारण विचारलं तर एवढंच म्हणाल्या, पिठाचा कोंबडा कापला तरी कापल्याचं पाप लागतं.

सोमवार, १२ मे

आज माझं घर टेबलावर बसलं. दोन माणसंही केली. माझे वडील, आबा, पांढऱ्या टोपीत बाजेवर, आई हिरव्या लुगड्यात सूप घेऊन. आईच्या कपाळावर सुईच्या टोकाने कुंकू लावलं. मी किती भारी आहे, हे माझं मलाच सांगावंसं वाटलं.

जागा हवी म्हणून विधीचं घर आधी काढायचं होतं. ते काही केल्या हलेना. विधी म्हणाली, तू तुझ्या हाताने शेजारी गोंद लाव आणि माती पसर, मग निघेल. याचा त्याच्याशी काय संबंध? पण पसरली. मग सुरी खाली घातली, तर तव्यावरून भाकरी सुटावी तसं अलगद सुटलं. एक बाजू तिने धरली, एक मी. विधी ढसाढसा रडली. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, वेडे, थर्माकोलचं तर आहे.

संध्याकाळच्या गाडीने ती दोंडाईच्याला गेली. वडिलांना भेटून चार दिवसांत येते म्हणाली.

रविवार, १८ मे

आज माझ्या विहिरीवर तोफेचा गोळा पडला. फाशांत सहा आले. कठडा मोडला. दोन दिवसांची मेहनत! मी बोलून दाखवलं. अर्हमभैया म्हणाले, फासे म्हणतील ते.

विधीचा फोन लागत नाही.

मंगळवार, २० मे

आईचा फोन. रविवारी दुपारी विहीर ढासळली, मोटर आत गेली. तीस वर्षांची विहीर, आबांनी दगड न् दगड रचलेला. आई म्हणे, कठडा असा आत बसला, जसं कुणी बुक्की मारली.

योगायोग असतात. मी विहीर दुरुस्त केली. टेबलावरची.

रविवार, २५ मे

आज घोडेस्वार केळीत घुसले. नियम असा की घोडे गेले ते पीक आडवं करायचं. अर्हमभैयांनी तळहाताने माझी सगळी झाडं झोपवली. एक उभं राहिलं, विहिरीजवळचं. ते मी मोजलं. का मोजलं?

सोमवार, २६ मे

काल चार वाजता वादळ आलं म्हणे. आमची बाग झोपली, बठ्ठी, सगळीच्या सगळी. घड भरले होते, पंधरा दिवसांत कापणी होती. शेजारच्या जीवरामकाकांच्या बागेचं पानसुद्धा फाटलं नाही. आबा बांधावर बसून आहेत, जेवत नाहीत. आईला विचारलं, एखादं झाड राहिलं का?

आई म्हणाली, राहिलं. विहिरीजवळचं.

मंगळवार, २७ मे

संयमभैयांना हात जोडून सांगितलं, या रविवारी खेळू नका, नाहीतर माझं घर सोडून खेळा. ते चिडले नाहीत, हसलेही नाहीत. म्हणाले, विधीपण हेच म्हणायची. एका रविवारी आम्ही खेळलो नाही, सोमवारी दादाजी, दलिचंद शेठजी, उठलेच नाहीत. आमच्या घराच्या पुढ्यात मार झेलायला कुणाचं तरी घर लागतं.

म्हणजे यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. मी एकटी बावळट!

रविवार, १ जून

घर काढायला गेले. सुरी मोडली. हातोडी मारली तर हातोडीच उडाली. आबांच्या बाजेला हात लावला, तर ती लाकडासारखी थंड नव्हती. कोमट होती.

दुपारी गोठा पडला. फाशांत पाच.

संध्याकाळी आईचा फोन. आमची कपिला गाय गेली. गोठ्याचं आढं तिच्या पाठीवर. आबा सोडवायला धावले, त्यांच्या खांद्याला लागलं. आता ताप आहे.

टेबलावरच्या आबांच्या खांद्याचा रंग उडालाय. मी हात लावला नव्हता. शप्पथ.

मंगळवार, ३ जून

काकीजींनी मला देवघराबाहेर बसवून सांगितलं. ज्याच्या अंगणातली माती, ज्याच्या हाताने लावली, त्याचं घर तिथे बसतं. दुसऱ्याने आपल्या हाताने आपली लावली, की मगच पहिलं सुटतं. विधी वर्षभर अडकली होती. दुकान जळलं, वडील भाजले. शेवटी तिने माणूस शोधलं.

माणूस शोधलं! मला. पाच वर्षं एका डब्यात जेवलेली. माझ्या आईच्या हातचं खाल्लं तिने. आणि मी तिला जवळ घेतलं, डोळे पुसले! काकीजींना विचारलं, मी माती वाळवत होते तेव्हा का नाही बोललात? त्या खाली बघत म्हणाल्या, माझेही दोन मुलगे आहेत.

गुरुवार, ५ जून

दोंडाईच्याला जाऊन आले. स्टेशनापासून चालत. जळलेल्या दुकानाला नवा रंग लावलाय. विधीचे वडील ओट्यावर बसून मोसंबी खात होते. मला बघून म्हणाले, ये बेटा, विधीची मैत्रीण ना.

विधी आत होती. वाटलं होतं, तोंड लपवेल. नाही. म्हणाली, फोन करायच्या आधी आठ दिवस रडले. म्हणाली, तू माझ्या जागी असतीस तर? मी सांगितलं, मी मेले असते पण तुला बोलावलं नसतं. मग तिने सावकाश सांगितलं. येत्या रविवारी घरावर तोफा येतील. माझ्या वेळी पण असंच होतं, आधी भोवतालचं, मग घर. कुणीतरी शोध, रूपा. तुझ्यावर जीव टाकणारी. परकी माणसं माती आणत नाहीत.

मी तिच्या थोबाडीत मारली. हात अजून दुखतोय. बरं वाटलं नाही.

शुक्रवार, ६ जून

आईला फोन. म्हटलं, आबांना घेऊन मामाकडे जा. ती म्हणे, तापात कुठे नेऊ माय, आणि कशासाठी? काय सांगू? आणि गेले तरी काय, टेबलावर ती दोघं पडवीतच आहेत. चिकटलेली. मीच चिकटवलीत.

रावेरची कामिनी. आमच्या कॉलेजात दोन वर्षं मागे होती. मला ताई म्हणते. माझे ब्रश धुवायची. काम शोधतेय. घरी विधवा आई.

नुसता मेसेज लिहून बघितला. पाठवला नाही.

शनिवार, ७ जून

विधीसारखी मी नाही. मेसेज पुसला.

दुपारी —

आबांचा ताप उतरत नाही. आई म्हणे झोपेत माझं नाव घेतात.

काम आहे, राहायला खोली आहे, जेवण घरचं. येताना घरची मूठभर —

पाठवला.

लगेच उत्तर. ताई, खरंच?? उद्याच निघते! आणि तीन हसरे चेहरे.

रविवार, ८ जून

सकाळी
फोन केला, येऊ नकोस म्हणायला. उचलत नाही. एसटीत असेल. दहा वेळा केला. मग अकराव्यांदा केला नाही. का केला नाही ते मला माहीत आहे.

१२.४०
सैनिक मांडलेत. तिन्ही तोफा पडवीकडे. मी कोपऱ्यात बसलेय. लिहिलं नाही तर किंचाळेन.

१२.५५
आई फोनवर. आबा जेवले थोडं, पडवीत झोपलेत, ती शेजारी बसून तांदूळ निवडतेय. म्हटलं बाहेर ये, आत्ता, अंगणात. म्हणे ऊन बघ किती, वेडी झाली का व माय. हसली. फोन ठेवला.

टेबलावरच्या आईच्या हातातलं सूप — हललं

१.०५
अर्हमभैयांनी टेप लावली. चौदा इंच. पोचते.

खाली बेल. जिन्यावर पावलं. धावत —

कामिनी. दारात. घामाने भिजलेली, हसतेय. ताई, बघा तरी, किती आणली, आई म्हणाली मूठभर कशाला, भरून ने —
पिशवी पुढे करतेय

अर्हमभैयांनी फासे उचलले. हात वर थांबलाय. दोघं भाऊ माझ्याकडे बघताहेत

सांगू तिला. पळ म्हणून. एकच शब्द

गोंदाचा डबा माझ्याच हातात आहे कधी घेतला मी

कामिनी, ये, अशी इथे, तुझ्या हाताने —