उजेड कुणावर पाडायचा

१७ नोव्हेंबर १९९३
ही डायरी बाबांच्या मिलची, सन १९९१. मिल बंद झाली तेव्हा कोऱ्या डायऱ्यांचा गठ्ठा तसाच पडून होता, बाबा चार घेऊन आले. वार जुळत नाहीत. पण वार नोकरदारांना लागतात. कलावंताला तारीख पुरते.

आज आयुष्याला दिशा मिळाली. शरदजींनी मला युनिटमध्ये घेतलं. शरदजी मूळचे आपल्या इंदूरचेच, बडा गणपती भागातले. मुंबईत बरीच वर्षं दुसऱ्यांचे असिस्टंट होते, आता स्वतःची फिल्म काढताहेत. विषय: एक मिल बंद पडते. शूटिंग बाबांच्याच बंद मिलमध्ये. गाणी नाहीत, मारामारी नाही. म्हणजे आर्ट.

बी.कॉम. अर्ध्यात सोडल्याचं सार्थक झालं. लोक म्हणतात, अटेंडन्स कमी भरली म्हणून सोडलं. कमी भरली हे खरं आहे, पण ते माझं धोरण होतं.

माझी पोस्ट: छायाप्रकाश विभाग.

१८ नोव्हेंबर
छायाप्रकाश विभागात सध्या मी एकटाच. एका प्लायवूडच्या फळीला चांदीचा कागद चिकटवलेला आहे, तिला रिफ्लेक्टर म्हणतात. ती धरून उन्हाची तिरीप नटाच्या तोंडावर पाडायची. कॅमेरामन अशोकजी म्हणाले, हिरॉईनच्या तोंडावर ठेव आणि डोकं चालवू नको. मी म्हटलं, डोकं चालवल्याशिवाय अपन काम करत नाही. ते म्हणाले, मग फळी भिंतीला टेकवतो, तीही डोकं चालवत नाही.

तत्क्षणी राजीनामा दिला. गेटपर्यंत ताठ मानेने गेलो. मागून कुणी हाक मारली नाही. जेवणाची सुट्टी झाली म्हणून परत आलो.

१९ नोव्हेंबर
अमिता.

राजेंद्र नगरची. वडील बँकेत. कॉलेजच्या नाटकांत कामं करते. फिल्ममध्ये कामगारांच्या घरच्या बायका-मुलींचा घोळका आहे, त्यात उभी असते. तिसरी रांग, डावीकडून दुसरी. हिरॉईन गेटवरची नोटीस वाचते आणि मागे हा घोळका, असा शॉट. टेक चालू असताना अमिताने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या टेकला परत. तिसऱ्याला तर हसलीसुद्धा.

गैरसमजाला जागा नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला माझ्याशिवाय आहे कोण? रजत आहे, पण तो अशोकजींचा असिस्टंट, लेन्सला चिकटून फोकसची चकती फिरवत असतो. तो मोजण्यात नाही.

२१ नोव्हेंबर
अमिता आज प्रथमच बोलली. म्हणाली, नंदू भिया, पाणी कुठे ठेवलंय?

भाऊ म्हटलं म्हणून अल्पबुद्धी माणूस इथे खचला असता. पण इंदुरात भिया ट्रॅफिक हवालदाराला म्हणतात, पानवाल्याला म्हणतात, सांड अंगावर आला तर त्यालाही आधी भियाच म्हणतात. त्यात नातं नाही, आदर आहे. रजतला मात्र ती नुसतं रजत म्हणते. अजिबात मान देत नाही. नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट.

२३ नोव्हेंबर
मोठा शोध. आज नोटिशीचा शॉट नव्याने घेतला. रिफ्लेक्टर चार बोटं तिरका केला की तिरीप हिरॉईनवरून उठते आणि बरोबर तिसऱ्या रांगेत जाऊन बसते. अमिता उजळली. देवीसारखी. तिला कळलंच असणार हे कोण करतंय. चिठ्ठी पकडली जाते, फोन वडील उचलतात. ऊन कोण पकडणार?

अशोकजी पकडू शकले असते, पण त्यांचे डोळे आलेत. लाल झालेत, पाणी गळतंय. म्हणाले, सध्या मला सगळंच चमकताना दिसतंय. शरदजी तर कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत, संवाद बरोबर आहेत का ते ऐकतात.

शूट झालेलं रीळ मुंबईला लॅबमध्ये धुवायला जातं. धुऊन आलं की सगळ्यांनी मिळून बघायचं, त्याला रशेस म्हणतात. तोवर काय टिपलं गेलं ते देवालाही दिसत नाही. रशेस डिसेंबरात.

संकल्प: रशेस संपताक्षणी अमिताला मनातलं सांगायचं. पडद्यावर स्वतःला एवढी सुंदर बघितल्यावर ती नाही म्हणूच शकत नाही. हो म्हणाली की बाबांना सांगायचं, मग कॉलेजचा विषय घरात कायमचा बंद.

२५ नोव्हेंबर
बाबा शूटिंगवर आले. मला कानाला धरून न्यायला आले होते. मिलमध्ये ते विव्हिंग खात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते, बंद झाल्यापासून आत पाऊल टाकलं नव्हतं. गेटवर शरदजींना म्हणाले, साहेब, ज्या मिलने मला घरी बसवलं तिथे माझा पोरगा पत्रा धरून उभा राहतो, हे बरं नाही. शरदजी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, काकाजी, हेच कॅमेऱ्यासमोर म्हणाल का?

बाबा म्हणाले, अजिबात नाही. मग म्हणाले, कोट घालून येऊ का?

लग्नातला कोट आहे. आईने त्याला ऊन दाखवलं. आता रोज दोघं एकाच सायकलवर जुनी इंदूरहून निघतो. चालवतो मी, सूचना त्यांच्या. कॉलेजबद्दल अजून एक शब्द नाही. मधल्या सुट्टीत शरदजींना विचारत होते, माझा क्लोजअप कधी?

२८ नोव्हेंबर
अमिताने दिवाळीच्या उरलेल्या चकल्यांचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, भिया, तुम्ही आणि रजत दोघं मिळून खा. रजतचं नाव लोकलज्जेस्तव. मुलीला थेट एकट्याचं नाव कसं घेता येईल? तिची भावना ओळखून डबा एकट्याने संपवला.

मग तिने हळूच विचारलं, रजत संध्याकाळी किती वाजता मोकळा होतो? तिला त्याचा त्रास होतोय हे उघड आहे. मी सांगून दिलं, सहाला, आणि मागच्या गेटने जातो, तू पुढच्या गेटने जात जा. ती म्हणाली, थँक्यू भिया. आवाजात केवढा विश्वास.

२९ नोव्हेंबर
अमिता घाईघाईत मागच्या गेटने गेली. माझं बोलणं नीट ऐकलं नव्हतं वाटतं. बिचारी.

३० नोव्हेंबर
आज संयम सुटला. रजतकडे एक स्टीलचा टेप असतो. लेन्सपासून नटापर्यंतचं अंतर मोजतो, त्यावर फोकस ठरतो. हिरॉईनचं अंतर मोजून झालं तरी हा टेप घेऊन तिसऱ्या रांगेत शिरला. टेपचं टोक अमिताच्या नाकाशी. दोन मिनिटं. नाक कुठे पळून जाणार होतं का?

मी जाऊन टेप हिसकला. टेप सपकन गुंडाळत आला आणि माझ्या हनुवटीला लागला. रक्त आलं. अमिता जोरात हसली. ताण असह्य झाला की माणूस हसतं, हे मी वाचलेलं आहे. पट्टी रजतनेच लावली. ढोंगी.

शरदजींना राजीनामा दिला. ते म्हणाले, ठीक आहे, फळी तेवढी सावलीत ठेवून जा, कागद सुटतो. एवढ्या विनवण्या केल्यावर जाणं बरं दिसलं नसतं. थांबलो.

२ डिसेंबर
बाबांचा क्लोजअप झाला. सीन असा: मिलला कुलूप लागलंय, कामगार जाळीतून आत बघतो आणि म्हणतो, आत माझी चप्पल राहिलीय. बस, एवढंच. वाक्य शरदजींचं नाही, बाबांचंच. कुलूप लागलं त्या दिवशी ते खरोखर तसेच अनवाणी घरी आले होते.

बाबा बोलले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. ग्लिसरीन नाही, काही नाही. चहावाल्याने स्टोव्ह बंद केला. शरदजींनी कट म्हणायलाच उशीर केला. मीही भारावून गेलो. बाबांच्या मागेच घोळका होता, अमिता ओढणीने डोळे टिपत होती. अशा वेळी हात आपोआप कलेच्या दिशेने वळतो.

६ डिसेंबर
रीळं मुंबईला गेली. आज सुट्टी. आरशासमोर मनातलं बोलण्याचा सराव केला. आई म्हणाली, कोणाला धमकी देतोयस?

११ डिसेंबर
रशेस आल्या. उद्या सकाळी मराठी शाळेच्या हॉलमध्ये. बाबांनी मिलच्या सगळ्या जुन्या लोकांना सांगून ठेवलंय. निळा शर्ट इस्त्री करून ठेवला. आईला म्हटलं, उद्या तुझ्या घरात एक शुभ गोष्ट होणार आहे. ती म्हणाली, कॉलेजात परत जातोयस?

१२ डिसेंबर
हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे. भिंतीवर पांढरी चादर. मिलची माणसं बायका-मुलांसकट, जणू लग्नाला आली होती. बाबा कोटात, पहिल्या ओळीत. अमिता तिच्या मैत्रिणींत. रशेसला आवाज नसतो, त्यामुळे हॉलमधलं सगळं नीट ऐकू येत होतं.

पहिला शॉट. हिरॉईन नोटीस वाचतेय. म्हणजे वाचत असावी, तिचा चेहरा तव्यासारखा काळा. मागे तिसऱ्या रांगेत अमिता लखलख. दुसरा शॉट तसाच. अशोकजी उठून उभे राहिले. त्यांचे डोळे आता बरे झालेत.

मग बाबांचा क्लोजअप. मिलची माणसं टाळ्या वाजवायला हात उचलून बसली होती. पडद्यावर कोटाचा एक खांदा आणि चष्म्याची एक कड. बाकी अंधार. त्या अंधाराच्या मागे अमिता, दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखी. कुणीतरी विचारलं, पंढरीनाथ कुठे आहे रे यात? आई म्हणाली, ते काय, कोट माझ्या ओळखीचा आहे.

बाबा मागे वळले आणि अंदाजाने माझ्या दिशेला बघत राहिले.

एवढ्यावर निभावलं असतं. पण पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये अमिता सरळ आमच्याकडेच बघत होती. हॉलमधल्या प्रत्येकाला वाटलं, आपल्याकडे बघतेय. मागून एक काकू म्हणाल्या, अगबाई, ही कुणाकडे एवढी प्रेमाने बघतेय? अशोकजींनी तडकून खुलासा केला. म्हणाले, सरळ आपल्याकडे बघतेय म्हणजे लेन्सकडे बघतेय. लेन्सकडे नाही तर लेन्सला नाक लावून बसलेल्याकडे. आणि तो मी नाही, माझे डोळे आले होते.

मी मोठ्याने म्हटलं, मी पण तिथेच होतो. अशोकजी म्हणाले, तू दहा फूट लांब होतास, भिया. तुझ्याकडे बघितलं असतं तर पडद्यावर तिचा कान दिसला असता.

सगळा हॉल रजतकडे वळला. रजत अमिताकडे. अमिता जमिनीकडे. प्रत्येक शॉटमध्ये तेच, स्वच्छ, पुराव्यासारखं, कुठे एक सावली नाही. प्रकाशयोजना: नंदू.

दिवे लागले. मनातलं सांगितलं नाही. वेळ योग्य नव्हती.

१३ डिसेंबर
आईने बाबांना पोहे दिले. बशी बाजूला सारून बाबा म्हणाले, मिलने निदान नोटीस लावली होती.

मी कॉलेजात परत जातो म्हटलं. ते म्हणाले, नको, तिथेही कुणाच्या तरी तोंडावर अंधार करशील.

१५ डिसेंबर
शरदजींनी बोलावलं. मार खायच्या तयारीने गेलो. ते म्हणाले, अशोकजींना तुझा खून करायचाय, मी थांबवलंय. दोन दिवस रीळं परत परत बघतोय. अख्खी मिल अंधारात बुडालीय आणि मागे एक पोरगी प्रेमात पडलीय, हे मला लिहून सुचलं नसतं. अमिताचा रोल वाढवतोय. पण पंढरीनाथजींचा शॉट परत घ्यायचा. आणि त्यांच्या तोंडावरून उजेड हलला तर मीच तुला अशोकजींच्या हवाली करीन.

राजीनामा तयार ठेवला होता. परिस्थिती पाहून दिला नाही.

१९ डिसेंबर
बाबांचा शॉट परत. तेच कुलूप, तीच जाळी, तोच कोट. रिफ्लेक्टर दोन्ही हातांनी घट्ट धरला, श्वासही रोखला. बाबांचा चेहरा सुरकुतीन् सुरकुती उजळला. बाबा म्हणाले, आत माझी चप्पल राहिलीय. आणि थांबले. डोळे कोरडे. परत घेतलं. परत कोरडे. शेवटी ग्लिसरीन घातलं.

घरी येताना सायकलवर मागून म्हणाले, झोंबतं रे ते फार. मी म्हटलं, बाबा, तुम्ही मस्त दिसत होता. ते म्हणाले, रेल्वे फाटकाशी डावीकडून घे, तिथे खड्डा आहे.

२१ डिसेंबर
अमिताचा नवा सीन. गेटजवळ उभी राहून कुणाची तरी वाट बघते. कुणाची, ते शरदजींनी अजून लिहिलेलं नाही. तिची नजर नीट लागावी म्हणून रजतला कॅमेऱ्याशेजारी नुसतं उभं केलं. फोकस अशोकजींनी स्वतः सांभाळला.

ऊन खाली उतरलं होतं, म्हणून स्टुलावर चढून रिफ्लेक्टर डोक्याच्या वर धरला. तिरीप एकदम बरोबर बसली. अशोकजींनीसुद्धा मान डोलावली.

अमिता म्हणाली, नंदू भिया, थोडा खाली घ्या ना, डोळ्यांवर येतंय. रजत दिसत नाहीये.

खाली घेतला. पहिल्याच टेकला ओके.