पदूचे गुरुवार

प्रिय मिलिंद,

जय भीम. रोज सकाळी मोबाइलवर फुलांची चित्रं पाठवणारा पदू एकदम कागद-पेन घेऊन बसला, म्हणजे काहीतरी बिघडलंय असं तुला वाटेल. बिघडलंयच. काल तुला तीनदा फोन लावला आणि तू उचलायच्या आत तीनदा कापला. बदलापूर काही लांब नाही, रिक्षात बसलो की अर्ध्या तासात तुझ्या दारात. पण तुझ्यासमोर बसून हे मला बोलता येणार नाही. तू मध्येच ‘जाऊ दे रे’ म्हणशील आणि मी लगेच जाऊ देईन. आजवर तेच केलंय.

गेल्या महिन्यात नितीनला एकसष्टावं लागलं. त्याने तुलाही बोलावलं होतं, पण कौसावहिनी गेल्यापासून तू कुठे येत नाहीस, म्हणून तो, मी आणि भगवान असे तिघेच गेलो. नेहमीचं हॉटेल नको म्हणाला. सुनेने त्याला अंबरनाथ पश्चिमेचंच एक इटालियन हॉटेल सांगितलं होतं. आपल्या जुन्या क्वार्टर्सच्या मागे शिलाईचं दुकान होतं बघ, तिथे. सहा टेबलं, पिवळे दिवे आणि इतकी शांतता की भगवानसुद्धा दवाखान्यात आल्यासारखा कुजबुजत होता. जन्मभर लेथच्या आवाजावर ओरडून बोललेली माणसं आम्ही, आम्हाला हळू बोलायची सवय कुठे? मेनूतलं एक नाव धड वाचता येईना. नितीनने बोट ठेवून दोन पिझ्झे मागवले, त्यातला एक चिकनचा. त्यावर हिरवी पानं बघून भगवान म्हणाला, “आयला, चिकनवर तुळस?” आणि एकेक पान उचलून बाजूला ठेवत बसला. आम्ही तोंडावर हात ठेवून हसलो. मी सलग तीन तुकडे हाणले. फार चांगला होता रे. कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ, आणि चिकनला भट्टीचा वास.

वार गुरुवार होता.

माझ्या गुरुवारचं तुला काय सांगायचं? फॅक्टरीतल्या अख्ख्या शॉपला तो पाठ होता. तू नवी खोली घेतलीस आणि सगळ्यांना जेवायला बोलावलंस, तेव्हापासून तो सुरू झाला. मी पेढा घेऊन आलो, खुर्चीच्या कडेवर टेकलो आणि म्हणालो, माझा गुरुवार असतो. वहिनी ओशाळल्या. आपल्याला आधी कळायला हवं होतं म्हणाल्या, आणि धावत खाली जाऊन केळी घेऊन आल्या. पुढच्या वेळी त्यांनी माझ्यासाठी साबुदाणा भिजवला, तर मी म्हटलं, आज निर्जळी आहे. सम्यकचं बारसं झालं तेव्हा संकष्टी काढली. तू साठीला घरी बोलावलंस तेव्हा शनिवार काढला. आणि एकदा गुरुवार म्हटल्यावर तुझ्यासमोर तो पाळणं आलंच. दर गुरुवारी कॅन्टीनला तुझ्या शेजारी बसून मी चहा प्यायचो. तू म्हणायचास, “पदू, मानलं तुला, आपल्याला नाय जमत बाबा.” मग मी टूल रूमच्या मागे जाऊन डबा खायचो. चपाती-भाजी, कधी बोंबील. भराभर, उभ्यानेच.

आता हॉटेलात काय झालं ते ऐक. तू फोनवर म्हणाला होतास की पोरगा हॉटेल लाइनला लागला. मी समजलो मुंबईला कुठेतरी. चौथा तुकडा हातात होता आणि आतून पांढरी टोपी घातलेला सम्यक बाहेर आला. हातात प्लेट. रताळी आणि बटाटे भाजलेले, वर शेंगदाण्याचा कूट. त्याने आतूनच मला ओळखलं होतं. त्याला वाटलं, चिकनचा पिझ्झा त्या दोघांचा असणार आणि काका बिचारे नुसते बसले असणार. म्हणाला, “काका, आज गुरुवार ना? नवा पॅन काढला, सैंधव घातलंय, कांदा-लसूण कशाला लागू नाय दिला. आई सांगायची, पदूकाकांचं कडक असतं. तुमच्यासाठी घरात वेगळी कढई ठेवली होती तिने, त्यात कधी दुसरं काय केलं नाय.” एवढं बोलून झाल्यावर त्याची नजर माझ्या हाताकडे गेली.

तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण मुरलेला खोटारडा मी. मी म्हटलं, डॉक्टरांनी गुरुवार सोडायला लावला, शुगरमुळे. सम्यक म्हणाला, “बरं केलंत काका, तब्येत पहिली.” प्लेट टेबलावर ठेवली आणि आत गेला. भगवान माझ्याकडे बघत राहिला. मला शुगर नाही, हे त्याला माहीत आहे. ती रताळी कोणीच खाल्ली नाहीत. त्यानंतरचे तीन गुरुवार मी खरोखर उपवास केला, पाण्यावर राहिलो. बायकोने विचारलं, हे काय नवीन? मला वाटलं होतं, पाळला की तो मागचाही थोडा खरा होईल. नाही होत. नुसती भूक लागते.

मिलिंद, मला कधीच उपवास नव्हता. मला तुझ्या घरचं जेवायचं नव्हतं, तुझ्या जातीमुळे. बघ, एवढं वाक्य लिहायला दोन कागद फाडले. सुरुवातीला स्वतःला सांगायचो की आईला कळलं तर ती घरात घेणार नाही. आईला जाऊन वीस वर्षं झाली, पुढचे गुरुवार माझेच. गेटवर तुला जय भीम घालत होतो, तुझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होतो, आणि वहिनी साबुदाणा भिजवत होत्या. त्यांच्या हातचं मी आयुष्यात खाल्लं नाही आणि आता मिळायचंही नाही. मला लाज वाटते रे. चारचौघांत वाटते ती नव्हे. एकटा असताना ताटावर बसलो की वाटते.

हे आजच लिहिण्याचं कारण काल सकाळचा सम्यकचा फोन. वहिनींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं आणि जेवणाचं सांगायला केला होता. येत्या गुरुवारी, दुपारी, घरी. वार ऐकला आणि माझी जीभ आपोआप वळायला लागली. तेवढ्यात तोच म्हणाला, अगदी प्रेमाने, “काका, टेन्शन नका घेऊ. तुमच्यासाठी हॉटेलातून पार्सल आणतो. तिथलं तुम्हाला चालतं.” मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. पोराला सगळं कळलंय, मिलिंद, आणि तरी तो माझीच सोय बघतोय. त्याला सांग, पार्सल आणू नको. मी सकाळीच येतो, पाट-पाणी मांडायला घे मला, कांदा चिरायला बसव. आणि हे वाचून तुला मी घरात नकोसा झालो असेन तर तसं सांग, तो तुझा हक्क आहे. मी दाराबाहेरूनच वहिनींच्या फोटोला हात जोडेन आणि परत फिरेन. फक्त तेव्हा पोराला माझ्या उपवासाचं निमित्त सांगू नकोस. काका उपाशी गेला, का गेला, ते त्याला खरं सांग.

तुझाच,
पदू