औषध की विष?

१२ ऑगस्ट २०१८
कॉलनीची मीटिंग. रिकाम्या प्लॉटवर काल नाग निघाला — म्हणून सगळीकडं तणनाशक मारायचं ठरलं. जूनमध्ये चार सरी पडल्या, तेवढ्यावर गवत उभं राहिलंय. पुढं पाऊस गायबच!
पाटी लिहायचं काम माझ्याकडं. ‘तणनाशक फवारले आहे’ लिहिलं. अध्यक्ष व्यंकटरावकाका म्हणाले, "मृण्मयी, एवढं जड कोण वाचतं? ‘औषध फवारले आहे’ लिही. सगळ्यांना कळेल."
लिहिलं तसं.

१४ ऑगस्ट
फवारणीवाले हबीबभाई पाठीवर पंप घेऊन आले, फवारून गेले. पाटी लावली.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाहून परतते तर प्लॉटवर साळूबाईच्या शेळ्या! फुलंब्री रस्त्यापलीकडच्या वस्तीवर राहते ती. शेळ्यांवरच तिचं घर चालतं. मी धावले.
"साळूबाई, औषध मारलंय ना इथं!"
"व्हय, वाचलं की पाटीवर. डासाचंच ना? मुन्शिपालटीवाले मारतेत तसलं."
"डासांचं नाही — गवत मारायचं! विष आहे ते!"
ती शेळ्या हाकायला धावली. तिची गाभण शेळी पोटभर चरलेली. साळूबाई म्हणाली, "विष हाय तर विषच म्हना की, ताई. औषध काय म्हून म्हनता?"
हबीबभाईंना फोन केला. ते तणनाशकाचा रिकामा डबा घेऊनच जनावरांच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी वस्तीवर येऊन शेळी तपासली. "वाचेल बहुतेक. पण लक्ष ठेवा, आणि तिथलं गवत बंद."
बंद — मग घालायचं काय? यंदा चारा आहे कुठं?

१६ ऑगस्ट
शेळी तोंड लावत नाही कशालाच. हबीबभाईंनी कुठूनशी कडब्याची पेंढी आणून दिली. "भाभी, हमारे में भी दवाईच बोलते," एवढंच मला म्हणाले.

१७ ऑगस्ट
तसंच.

१९ ऑगस्ट
रवंथ करतेय! साळूबाई हसली. मला रडू आलं — वेड्यासारखं!

२० ऑगस्ट
पाटी पुसली. नवी, मोठ्या अक्षरांत — ‘गवतावर विष मारलंय. जनावरं आणू नका.’
काका तणतणत आले. "विष? अगं, प्लॉट बघायला माणसं येतात इथं. पळून जातील!"
"पळू द्या," मी म्हटलं. त्यांना उलट बोलायची ही पहिलीच वेळ. माझा नवरा देवेश एरवी मला गप्पच बसवतो. आज घरातून हातोडी घेऊन आला आणि पाटी पक्की ठोकली.

२३ ऑगस्ट
साळूबाई सहज दारात टेकली. मी विचारलं, "रस्ता ओलांडून इतक्या लांब इथंच का आणता हो शेळ्या?"
"लांब कुठं, ताई? आमचंच वावर व्हतं की हे. तुमचा ओटा हाय ना, तिथं हीर व्हती आमची. लई गोड पानी. भर उन्हाळ्यातबी आटली नाय कवा.
बुजवली."