इंटरनेटची संयुक्त पाहणी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी चारच अंगं जमिनीला टेकली. उरलेली चार टेकली असं समजून घे.) इकडे सगळं ठीक आहे. आईची तब्येत उत्तम आहे, इतकी उत्तम की मला जरा शंकाच येते. हीसुद्धा मजेत. दर रविवारी बरोबर अकराच्या ठोक्याला भाजी आणायला जाते आणि रिकामी पिशवी हलवत, गाणं गुणगुणत परत येते. भाजी चांगली नव्हती म्हणते. तुझा गुडघा आता बरा झाला असावा. हे मला खात्रीलायक कळलं आहे, कसं ते पुढे सांगेन. तिकडची हवा कशी आहे? तीन आठवडे तुझी काही खुशाली नाही, म्हणून शेवटी मीच कागद हातात घेतला.

पत्रास कारण की, मी घरात स्वतःचं इंटरनेट घ्यायचं ठरवलं. आमची आधीची व्यवस्था काही कारणाने बंद पडली. (कारण तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, आपण दोघांनीही त्यात शिरू नये.) आमच्या घरात मोबाइलची रेंज कशी आहे तेही तू जाणतेस. खिडकीच्या गजाला गाल लावून उभं राहिलं तर आवाज येतो, चेहरा येत नाही. आणि इकडे माझी नात अकरा महिन्यांची झाली आहे, सोफ्याला धरून उभी राहते, म्हणजे आता कुठल्याही रविवारी हात सोडून चालायला लागणार. लेक रविवारी अकराला फोन लावते तेव्हाच काय ते दर्शन. पहिलं पाऊल एकदाच पडतं गं, ते पुन्हा टाकून दाखव म्हणता येत नाही. आईचं वय अठ्ठ्याऐंशी. पणतीचं पहिलं पाऊल तिने बघायलाच हवं, एवढाच माझा ध्यास आहे. मी हे सगळं आईसाठी करतो आहे, हे पत्र संपेपर्यंत विसरू नकोस.

आता तू म्हणशील, जवळची एखादी कंपनी बघायची आणि मोकळं व्हायचं. पण एकतीस वर्षं मी खरेदी विभागात काढली आहेत, ताई. तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता यांच्याशिवाय मी ऑफिसात टाचणी आणली नाही आणि घरात पायपुसणं आणलं नाही. ही एकदा मला म्हणाली, मला पसंत करताना तरी असं काही केलं नव्हतं ना? मी पेपर तोंडासमोर धरला, कारण ही तिसरीच होती हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. (तक्ता तूच जपून ठेवला होतास. फाडला असशील अशी आशा आहे.)

तर मी तीन कंपन्या निवडल्या आणि आमच्या ऑफिसच्या शिरस्त्याप्रमाणे तिघांनाही आज सकाळी एकाच वेळी, दहा वाजता, संयुक्त पाहणीसाठी बोलावलं. सगळे पुरवठादार एका खोलीत समोरासमोर बसले की कोणी थापा मारत नाही, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव. आईच्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या, तक्त्याला अठरा रकाने आखले, दोन पेनं भरून ठेवली. ही म्हणाली, अहो, घरात बोलावताय की लिलावाला? मी लक्ष दिलं नाही.

पहिला आला तो टायवाला. वेग शंभरपर्यंत मिळेल म्हणाला. ‘पर्यंत’ म्हणजे किती, असं मी विचारलं, तर ते म्हणे भिंतींवर, हवेवर आणि शेजाऱ्यांवर अवलंबून असतं. मी रकान्यात ‘शेजारी’ असं लिहून घेतलं. मग टॅबलेटवाल्या बाई आल्या. त्यांनी आमच्याकडे मुळी पाहिलंच नाही, टॅबलेटकडे पाहिलं आणि गोड आवाजात सांगितलं की या पत्त्यावर घरच नाही, मोकळं मैदान आहे. मी म्हटलं, बाई, मी उभा आहे ना! त्यांनी पुन्हा पाहिलं आणि मैदानच आहे म्हणाल्या. आई या मैदानावर इतकी हसली की तिचे दात काढून पाण्यात ठेवावे लागले. तिसरा शिडीवाला, माझ्याच वयाचा, शिडी दाराबाहेर टेकवून आत आला आणि डॉक्टर छाती ठोकतात तशा भिंती ठोकत फिरू लागला.

इथवर सगळं शिस्तीत चाललं होतं. घात केला तो चहाने. कप हातात येताच टायवाला आणि टॅबलेटवाल्या बाई यांनी एकमेकांना ओळखलं. तो आधी बाईंच्या कंपनीत होता आणि बाई आधी त्याच्या कंपनीत होत्या! मग काय विचारतेस. ‘अजून तो मोठा साहेब तसाच ओरडतो का?’ ‘अजून तक्रारीचा फोन तासभर गाणंच वाजवतो का?’ दोघंही इतक्या मायेने आपापल्या जुन्या कंपनीचे वाभाडे काढत होते की पाऊण तासात दोघांनी मिळून दोन्ही कंपन्या बाद केल्या. माझी दोन्ही पेनं धावत होती. अठरा रकान्यांत अठरा फुल्या पडल्या. जाताना ते एकमेकांचे नंबर घेऊन, मला मनापासून धन्यवाद देऊन गेले. माझ्या आयुष्यातली ही पहिली पाहणी, जिच्यात पुरवठादार एकमेकांना पसंत पडले आणि गिऱ्हाईक राहून गेलं.

उरला शिडीवाला. त्याने फोन बाहेर काढला, आईच्या पलंगाशी गेला आणि चमकून म्हणाला, ‘अहो, इथे तर फुल्ल येतंय!’ मी पाहिलं. पडद्यावर नाव होतं ‘शांतता राखा’. तो म्हणाला, हे मीच जोडलंय, तुमच्या डोक्यावरच. वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड मुख्याध्यापिका आहेत. मी भिंतीला भोक पाडत असताना रेघ सरळ यावी म्हणून हातात पट्टी घेऊन उभ्या होत्या. बाई कडक आहेत, पण लाइन एक नंबर. दुसरी कशाला घेताय? तुमची त्यांची काही ओळख आहे का?

मी म्हणालो, थोडीफार.

आईने पदर तोंडावर घेतला. शिडीवाला शिडी उचलून गेला. मी तक्ता घडी करून खिशात ठेवला आणि हे पत्र लिहायला बसलो.

आता आवरतं घेतो. राग कमी असावा, लोभ होता तितकाच पुरे.

तुझा,
तळमजला

ता. क. १ : तुझा गुडघा बरा झाल्याचं मला आमच्या छताने सांगितलं. डावा पाय ओढल्याचा आवाज मंगळवारपासून बंद आहे. ऐकून बरं वाटलं.

ता. क. २ : तीन आठवड्यांपूर्वी नात उभी राहता राहता चित्र अडकलं, तेव्हा मी तुझ्या दाराखालून जी लेखी तक्रार सरकवली, ती विनाअट मागे घेत आहे. सहा वर्षं तुझं इंटरनेट फुकट वापरून ‘सात दिवसांत खुलासा करावा’ असं लिहिणं शोभलं नाही. तू खुलासा त्याच दिवशी केलास, पासवर्ड बदलून. चुकलं माझं, ताई.

ता. क. ३ : उद्या रविवार. नवा पासवर्ड कळवावा. माझ्यासाठी नाही, आईसाठी.

ता. क. ४ : पाकीट चिकटवण्याआधी पत्र आईला वाचून दाखवलं. तिसऱ्या ता. क.पाशी ती म्हणाली, ‘माझ्यासाठी कशाला मागतोस? मला तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलाय.’ म्हणजे दोन रविवार ती शालीखाली फोन धरून बघते आहे आणि मी समजतो आहे की जप चाललाय! ही भाजीला म्हणून तुझ्याकडेच येते, हेही कळलं. आणि पोरगी गेल्याच रविवारी चालली. चार पावलं टाकली, पाचव्याला बसली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. आईने पाहिलं, हिने पाहिलं, तू पाहिलंस. मला कोणी सांगायचं नाही, मी स्वतः जिना चढेपर्यंत, असा म्हणे आईचा हुकूम होता. दोन्ही मजले मिळून बघायचा राहिलो तो मी एकटाच.

आता पासवर्ड नको. उद्या अकराला मी वर आलो तर चालेल का? खुर्ची माझी मी घेऊन येईन.