दोन हात रेझिनचं पाप

मालवण, बुधवार

प्रिय फिलूबाय, म्हणजेच आदरणीय सिस्टर फिलोमिना,

तुझ्या धाकट्या भावाचा, इनासचा, गुडघे टेकून नमस्कार. (टेकता येतात, उठताना खुर्ची लागते.) नुसतं बाय लिहावं तर कॉन्व्हेंटात पत्र आधी मदर बघतात अशी भीती, आणि नुसतं सिस्टर लिहावं तर आईने आपल्याला एकाच बालदीतून आंघोळ घातलेली आठवते. म्हणून दोन्ही लिहिलं, तुला शोभेल ते वाच. पुण्यातली थंडी आता सरली असेल. कंबर कशी आहे? जिने चढू नकोस, मुलींना खाली बोलाव. कोकमाचं आगळ दोन बाटल्या पाठवतो आहे. इकडे घरची बरी आहे, फायबरच्या होड्यांचं काम हाताला पुरेल इतकं आहे, माझा डावा कान मात्र ग्राइंडरने पुरता खाल्ला. त्यामुळे लोक मला काय म्हणतात ते अर्धंच कळतं आणि मी काय म्हणतो ते सगळ्या वाड्याला कळतं. याचा पुढे संबंध आहे.

तर झालं असं. आपल्या चर्चला नवे फादर आले आहेत, फादर अजय, सावंतवाडीकडचे, वयाने आपल्या लहान भाच्याएवढे. त्यांनी उपासकाळात दर गुरुवारी हॉलमध्ये एकेका संसारी माणसाने बोलायचं असं ठरवलं आणि माझ्या वाट्याला विषय दिला, पाप म्हणजे काय आणि नीतिमान कोण. विषय मलाच का दिला याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती. दारू नाताळ आणि ईस्टर सोडून शिवत नाही, रविवारची मिस्सा चुकवत नाही, लहानपणी धर्मशिक्षणात पहिला नंबर होता. (तू दुसरी होतीस. तुझ्या वर्गात मी बसायचो कारण मला घरी सांभाळायला कोणी नव्हतं, पण नंबर तो नंबर.) मी आठवडाभर तयारी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पाऊण तास बोललो. दहा आज्ञा एकेक घेतल्या, प्रत्येक आज्ञा लोक कशी मोडतात ते सांगितलं, आणि न मोडणाऱ्या माणसाचं उदाहरण लागलं तिथे, दुसरं कोणी चटकन न सुचल्यामुळे, माझंच दिलं. टाळ्या पडल्या. फादर हसले, पण ते हसणं शाळेत आपले मास्तर चुकलेलं गणित पूर्ण होईपर्यंत थांबायचे तसं होतं.

लाउडस्पीकर बाबलीचा होता. बाबली तुला आठवत असेल, आपल्या कुंपणापलीकडचा, माझ्याबरोबर वाढलेला, आता मंडप आणि माईकचा धंदा करतो. तो वायर गुंडाळायची म्हणून शेवटपर्यंत मागच्या बाकावर बसला होता. लोक उठायला लागले तेव्हा तो पुढे आला आणि अगदी साध्या आवाजात, दुकानात भाव विचारावा तसं, त्याने मला विचारलं, "इनास, तुमच्यात पाप जावूक किती वर्सां लागतत? माजी नऊ झाली."

मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्याने सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळावर नारळ आपटून लढवायला गेला, त्याच्या आदल्या दिवशी त्याने श्रावण मोडून सुक्या सुंगटांची (पुण्यात कोळंबी म्हणतात) किसमूर खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी त्याचा नारळ फुटला. सलग अकरा वर्षं न फुटलेला त्यांच्या माडाचा नारळ एका ठोक्यात फुटला, याचा अर्थ देवीचा कोप. तो तसाच धामापूरच्या भगवतीकडे गेला आणि जोवर मनातलं ओझं उतरत नाही तोवर माशाला तोंड लावणार नाही असं सांगून आला. आणि ते काही उतरलं नाही. बाय, नऊ वर्षं. मालवणात. बंदरापासून हाकेच्या अंतरावर. मला एवढंच ठाऊक होतं की डॉक्टरांनी त्याला मासे बंद केलेत, कारण तो लोकांना तसंच सांगायचा.

ती किसमूर त्याने आमच्या घरी खाल्ली होती. मीच वाढली होती, दोनदा. आणि त्याचा नारळ ज्या नारळाने फुटला तो माझा होता.

आता खरं लिहितो. अकरा वर्षं बाबली जिंकायचा आणि दर वर्षी फुटलेल्या नारळातलं अर्धं भकल मला आणून द्यायचा, प्रेमानेच, पण ते गोड खोबरं माझ्या घशाखाली उतरायचं नाही. त्या वर्षी मी एक कडक नारळ निवडला, तासून गुळगुळीत केला आणि होडीच्या बुडाला मारतो त्या रेझिनचे दोन पातळ हात त्यावर मारले. चकाकी जाईना, म्हणून चुलीतली राख चोळली. इतकं सुबक काम मी पैसे घेऊनही कधी केलं नव्हतं. जिंकल्यावर कप मिळाला, तो कपाटावर सेंट अँथनीच्या शेजारी ठेवला. आणि तुला गंमत सांगतो, दहा आज्ञांवर भाषण लिहिताना तो कप समोर होता आणि तरी मला त्यात काही आठवलं नाही. मी नारळ चोरला नव्हता, खोटी साक्ष दिली नव्हती, कोणाला मारलं नव्हतं. माझ्या यादीत त्या नारळाला जागाच नव्हती.

गुरुवारपासून मला जेवण गेलं नाही. घरचीने दोनदा तापाची काडी लावून बघितली. रविवारी मिस्सेच्या आधी कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, जाऊन बसलो. सुरुवात नेहमीसारखी केली, म्हणजे शेजाऱ्यांची पापं आधी सांगितली. फादर म्हणाले, "इनासबाब, आज तुमची सांगा." मी हळू आवाजात सांगायला लागलो. मला वाटत होतं हळू आहे. जाळीपलीकडून फादर हात खाली करून खुणावत होते, आवाज कमी करा म्हणून, आणि मला वाटलं ते आशीर्वाद देत आहेत, म्हणून मी आणखी मोकळा झालो. बाहेर रांगेत माझ्या मागे मार्सेलिनबाय बसली होती. (ती तुला माहीतच आहे. तिच्याकडे मोबाईल आला नसता तरी चाललं असतं.)

सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं की प्रायश्चित्त म्हणून किती रोजरी म्हणू, आणि ते काही बोलायच्या आधी पन्नास कबूल केल्या. फादर जाळीजवळ सरकले. मग म्हणाले, "रोजरी म्हणा, चांगलीच आहे. पण क्षमा विकत मिळत नाही, ती देवाने आधीच देऊन ठेवलीय. तुम्ही इतकी वर्षं स्वतःलाच नीतिमान ठरवत होता, म्हणून हात पुढे केला नाहीत. आता केलात, मिळाली." मी विचारलं, मग पाप म्हणजे नक्की काय, मी तर एकही आज्ञा मोडली नव्हती. ते म्हणाले, दहावी पुन्हा वाचा, दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ. पण आज्ञा बाजूला ठेवा. तुमचा मित्र जवळ होता आणि तुम्ही मनातून त्याच्याकडे पाठ फिरवलीत, तिथे पाप सुरू झालं, नारळ नंतर आला. आणि तुमच्या पापाचं ओझं दुसरा एक निर्दोष माणूस वाहतोय, ही गोष्ट ख्रिस्ती माणसाला तरी नव्याने सांगायला लागू नये. बाय, त्या पोराने हे इतक्या शांतपणे सांगितलं की माझा चांगला कानसुद्धा गरम झाला. शेवटी म्हणाले, "बाबलीचं जे आहे ते त्याला नेऊन द्या. आजच."

मिस्सा कशी झाली ते देवाला माहीत. मार्सेलिनबाय प्रवचनाच्या वेळी बाहेर गेली होती एवढं दिसलं. मी बाजारात गेलो, चांगली ताठ सुरमई घेतली, घरी येऊन कपाटावरचा कप पिशवीत घातला आणि कुंपण ओलांडलं. दारात यशोदावहिनी, बाबलीची बायको, उभी होती. तोंड बघूनच मला कळलं की फोन आधी पोचलाय. ती पिशवीकडे बघत म्हणाली, "माका कळला. त्यांका मी सांगूक नाय. तां तुमच्याच तोंडातसून आयकूंदेत." आणि बाजूला झाली.

बाबली मागच्या पडवीत वायरी सोडवत बसला होता. मी कप त्याच्यासमोर ठेवला आणि येताना पाठ केलेलं सुरू केलं, की मी तुझा आणि देवाचा अपराधी आहे. पुढे बरंच होतं. त्याने पहिल्या दोन वाक्यांतच मला थांबवलं.

"रेझिन? किती हात?"

"दोन."

तो कपाकडे बघत राहिला. मी मार खायच्या तयारीने उभा होतो, चष्मासुद्धा काढून ठेवला होता. मग तो उठला, परसात त्याच्या वडिलांनी लावलेला माड आहे त्याच्या बुंध्याला हात लावून उभा राहिला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "म्हणजे बापाशीचो माड खोटो नाय."

बाय, मला या माणसाचं नऊ वर्षांचं दुःख माशांचं आहे असंच वाटत होतं. मी रडलो. तोही रडला. मग त्याने मसाला वाटायला आत हाक मारली, "यशोदा, वाटप लाव गो, इनासान सुरमय हाडल्यान." माझं अर्ध्याच्या वर पाठांतर तसंच राहिलं. क्षमा मागून व्हायच्या आतच मिळते, हे मी दहा वेळा प्रवचनात ऐकलं असेल, पण त्या दिवशी चुलीवरच्या वासासकट कळलं.

राग त्याला आला, पण तिसऱ्या तुकडीला आला. घास हातात धरूनच त्याने मला पंधरा मिनिटं शिव्या दिल्या, कोणत्या लग्नात कोणती माशाची कढी सुटली, कोणत्या पावसात कोणती किसमूर, सगळं नावानिशी. मध्येच काटा लागला, सवय मोडलेली, मग मीच त्याला कोरड्या भाताचा गोळा भरवला. तो गिळून त्याने शिव्या जिथे सोडल्या होत्या तिथून पुढे सुरू केल्या. काल मंगळवारी आम्ही दोघे स्कूटरवरून धामापूरला गेलो. तो देवीला सांगायला आत गेला, मी तळ्याच्या काठावर बसून उरलेल्या रोजरी म्हटल्या. (पन्नास कबूल केल्या होत्या, आता मागे कसं घ्यायचं.) येताना दोघेही गात होतो. गाणं वेगवेगळं होतं, पण मला एकच कान आहे.

मदरना नमस्कार सांग, त्यांनी पत्र वाचलंच असेल.

तुझा भाऊ,
इनास

ता. क. : पत्र लिहायचं मुख्य कारण राहिलंच. परवा तुझी एक जुनी विद्यार्थिनी, दीपिका नावाची, फिरायला आली होती. तिने मला शोधून काढून माझा फोटो घेतला आणि म्हणाली की सिस्टर नीतिशिक्षणाच्या तासाला दरवर्षी तुमची गोष्ट सांगतात, आदल्या रात्री प्रार्थना करून निर्मळ मनाने नारळ लढवणाऱ्या भावाची. बाय, मुलींच्या नऊ तुकड्या झाल्या. त्यांना काय सांगायचं ते तू बघ. माझं नाव न घेता "एक मनुष्य" असं म्हटलंस तर बरं.

ता. क. दुसरा : बाबली शेजारी बसून हे वाचतो आहे. तो म्हणतो नाव घ्या, आणि आडनावही घ्या.

ता. क. तिसरा : येत्या नारळी पौर्णिमेला आम्ही पुन्हा लढवणार आहोत. दोघांचे नारळ यशोदावहिनी आदल्या दिवशी गरम पाण्यात घासून बघणार. तू दोघांसाठी प्रार्थना कर. बाबली आता उठून गेला आहे म्हणून लिहितो, माझ्यासाठी थोडी जास्त कर. हे पाप होत असेल तर अवश्य कळव, पण पौर्णिमा झाल्यावर.